दुर्दैव इंग्रजीत सांगताना: कोणता शब्द कुठं वापरायचा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर गेलं की धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. वाईट किती वाईट आहे ते मोजायची पट्टी आपल्याकडं तयार असते. इंग्रजीत बोलायला-लिहायला बसलं की मात्र ती हातातून निसटते. बस चुकली तर ‘बॅड लक’, दुकानात पाणी शिरलं तर ‘बॅड लक’, आणि मित्राचे वडील गेले तरी तोंडातून निघतं ते ‘बॅड लक’च. पहिल्या ठिकाणी ते चालतं. दुसऱ्या ठिकाणी त्यानं काहीच कळत नाही. तिसऱ्या ठिकाणी ते समोरच्याला लागतं.

राजारामपुरीतल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात कॉलेजची मुलं येतात, तशी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून ऑफिसात बसणारी माणसंही येतात. त्यांच्या टपालात वाईट बातमी वरचेवर असते: माल अडकला, मशिन बंद पडलं, कामगाराला लागलं, मालकाच्या घरी कुणी गेलं. व्याकरण बऱ्याच जणांचं बरं असतं. अडतं ते शब्द निवडताना. ती निवड कशी करायची, ते पायरी पायरीनं सांगतो.

पायरी 1: इंग्रजी बाजूला ठेवा आणि चार प्रश्नांची उत्तरं मराठीत द्या

नुकसान केवढं झालं? त्यात कुणाचा दोष होता का? ते एकदाच घडलं की बरेच दिवस चाललंय? आणि हे मी कुणाला सांगतोय?

‘दुर्दैवानं’ हा आपला शब्द या चारही प्रश्नांवर पांघरूण घालतो. वर्तमानपत्रात ‘दुर्दैवी मृत्यू’ वाचून आपली सवय अशी झाली आहे की काहीही अशुभ घडलं की पहिला शब्द तोच. इंग्रजीतला ‘अनफॉर्च्युनेटली’ मात्र फार हलका आहे. ‘अनफॉर्च्युनेटली, द शॉप इज क्लोज्ड टुडे’ असं तो दिवसभर वापरला जातो. एखाद्याच्या मृत्यूची बातमी त्यानं सुरू केली तर ती दुकान बंद असल्याच्या सुरात ऐकू येते. तिथं ‘सॅडली’ लिहा, किंवा सरळ ‘आय अ‍ॅम व्हेरी सॉरी टू टेल यू’ म्हणा.

चार उत्तरं कागदावर आली की निम्मं काम झालं. आता एकेक प्रश्न घेऊ.

पायरी 2: नुकसानाचा आकार ठरवा

सगळ्यात खाली छोटे अडथळे येतात: ‘हिच’, ‘स्नॅग’, ‘ग्लिच’. कार्यक्रमात माइक बंद पडला तर ‘हिच’. काम पुढं जाताना एखाद्या कागदावर अडलं तर ‘स्नॅग’. सॉफ्टवेअरनं बिल दोनदा काढलं तर ‘ग्लिच’. हे शब्द ऐकून कुणी घाबरत नाही, आणि त्यांचा उपयोग त्यासाठीच असतो.

त्याच्या वर ‘मिसहॅप’. आधी याचा उच्चार नीट करून घ्या. स्पेलिंगमध्ये एस आणि एच शेजारी दिसतात म्हणून बरीच मुलं ‘मिशॅप’ वाचतात. तो ‘मिस’ आणि ‘हॅप’ असा तोडून म्हणायचा. ‘हॅप’ हा जुना नॉर्स भाषेतून आलेला शब्द, अर्थ योग किंवा नशीब. ‘हॅपन’, ‘पर्हॅप्स’, ‘हॅपलेस’ हे सगळे त्याच घरातले. ‘हॅपी’सुद्धा तिथलाच, कारण पूर्वी त्याचा अर्थ ‘नशीबवान’ असा होता. ‘मिसहॅप’ म्हणजे छोटा अपघात, ज्यात कुणाला फारसं लागलेलं नाही. लग्नात वाढप्याच्या हातून तांबड्या रश्श्याची बादली कलंडली, हे ‘मिसहॅप’. त्यात कुणी गंभीर भाजलं तर ते ‘मिसहॅप’ राहत नाही, ‘अ‍ॅक्सिडेंट’ होतं.

‘सेटबॅक’ थोडा वेगळा आहे. पुढं सरकत असलेली गोष्ट मागं ढकलली गेली की ‘सेटबॅक’. पैलवानाला मैदानाच्या आधी गुडघ्याची दुखापत झाली तर ती त्याच्या तयारीला ‘सेटबॅक’. तो परत उभा राहील अशी आशा या शब्दात असते, म्हणून ग्राहकाला, बँकेला किंवा गुंतवणूकदाराला कळवताना तो कामाचा. ‘ब्लो’ त्याहून जड. मोठी ऑर्डर रद्द झाली तर ‘अ ब्लो टू द बिझनेस’.

‘ट्रॅजेडी’ माणसाच्या दुःखासाठी राखून ठेवा, त्यातही बहुतेक वेळा मृत्यूसाठी. मोबाइल पाण्यात पडला त्याला गप्पांत कुणी ‘ट्रॅजेडी’ म्हणेल, पण लेखी मजकुरात तसं लिहू नका.

वरच्या टोकाला ‘कलॅमिटी’, ‘डिझास्टर’ आणि ‘कटॅस्ट्रफी’. यातला शेवटचा शब्द ‘फी’नं संपतो, ‘कॅटास्ट्रोफ’ असा उच्चार करू नका. या तिन्हींत नेमका फरक काय, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. त्यावर मी आपला एक कायदा वाचायला देतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ‘डिझास्टर’ची व्याख्या करताना ‘कटॅस्ट्रफी’, ‘मिसहॅप’, ‘कलॅमिटी’ आणि ‘ग्रेव्ह ऑकरन्स’ हे चारही शब्द एका ओळीत ठेवले आहेत. म्हणजे शब्दावरून निकाल लागत नाही. निकाल लागतो तो त्याच व्याख्येच्या शेवटी असलेल्या कसोटीवर: झालेलं नुकसान त्या भागातल्या लोकांच्या स्वतःच्या ताकदीनं निस्तरण्यापलीकडचं आहे का? ‘बियाँड द कोपिंग कपॅसिटी ऑफ द कम्युनिटी’ असे ते शब्द आहेत.

ही कसोटी रोजच्या इंग्रजीलाही लावा. ऑगस्ट 2019 मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, चिखली-आंबेवाडीसारख्या गावांतून माणसं बोटीनं काढावी लागली. ते ‘डिझास्टर’. तुमच्या एकट्याच्या गोदामाचा पत्रा उडाला, तर तुमचं दुःख खरंच आहे, पण पत्रात ‘डॅमेज’ किंवा ‘लॉस’ लिहा. घरगुती गप्पांत ‘द पार्टी वॉज अ डिझास्टर’ असं इंग्रज माणूसही म्हणतो आणि त्याचा कुणाला राग येत नाही. पूरग्रस्त माणसासमोर बसून मात्र तसं बोलू नये.

बेत पुरता फसला, गोंधळ उडाला, आणि त्यात जीवितहानी नाही, त्यासाठी ‘फियास्को’ आणि ‘डिबाकल’ आहेत. आपण ज्याला ‘समदा इस्कोट झाला’ म्हणतो, तो हा प्रकार. ‘डिबाकल’ फ्रेंचमधून आला. नदीवरचा बर्फ फुटून पाण्याचा लोंढा सुटतो, त्याला तिथं हा शब्द होता. इंग्रजीत आता तो दारुण पराभवासाठी चालतो, मग तो निवडणुकीतला असो की क्रिकेटमधला.

पायरी 3: दोष कुणाचा, हे शब्दच सांगतो

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. इथं चुकलं तर नुसती भाषा चुकत नाही, पैसा आणि अब्रू दोन्ही जातात.

‘अ‍ॅक्सिडेंट’ म्हटलं की कुणी मुद्दाम केलं नाही एवढं कळतं, पण निष्काळजीपणाचा प्रश्न उघडा राहतो. ‘मिसफॉर्च्यून’ म्हटलं की दोष जवळजवळ पुसला जातो. हे दोन शब्द आपल्या फौजदारी कायद्यात शेजारी बसले आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 80 मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 18 मध्ये ‘बाय अ‍ॅक्सिडेंट ऑर मिसफॉर्च्यून’ अशी शब्दयोजना आहे. कायदेशीर काम, कायदेशीर पद्धतीनं, योग्य काळजी घेऊन करताना गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नसताना काही घडलं तर तो गुन्हा नाही, असं ते कलम सांगतं. ‘योग्य काळजी घेऊन’ ही अट विसरू नका. काळजी घेतलीच नसेल तर शब्द ‘नेग्लिजन्स’ होतो, आणि त्याला ‘मिसफॉर्च्यून’ म्हणणं म्हणजे खोटं बोलणं.

रेल्वेच्या कागदांत एक वेगळाच शब्द भेटतो: ‘अनटोअर्ड इन्सिडेंट’. 1989 च्या रेल्वे कायद्यात प्रवासी चालत्या गाडीतून चुकून पडला तर तो या शब्दाखाली येतो. अशा वेळी रेल्वेचा दोष सिद्ध न होताही भरपाईची तरतूद आहे. म्हणून कोल्हापूर-मुंबई प्रवासात घरातल्या कुणाबाबत असं घडलं आणि इंग्रजीत अर्ज लिहायची वेळ आली, तर ‘सॅड इन्सिडेंट’ किंवा ‘बॅड इन्सिडेंट’ न लिहिता कायद्याचाच शब्द लिहा. टेबलापलीकडचा माणूस तोच शोधत असतो.

माल वाहतुकीच्या आणि कराराच्या कागदांत ‘अ‍ॅक्ट ऑफ गॉड’ येतो. माणसाच्या हाताबाहेरची, आधी सावध होऊनही न टळणारी नैसर्गिक घटना, एवढाच त्याचा अर्थ. त्यात भक्तिभाव शोधू नका. 2007 च्या रस्ते माल वाहतुकीच्या कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी ज्या कारणांनी सुटू शकते त्यात हे एक कारण आहे. ‘फोर्स मॅज्यूर’ हा त्याचा फ्रेंच भाऊ. त्यात दंगल, युद्ध, सरकारी बंदी अशा माणसांनी केलेल्या गोष्टीही बसवता येतात. पण त्याचा आधार घ्यायचा तर करारात तसं कलम असावं लागतं. कलम असेल तर त्यात कळवायची मुदतही बहुधा लिहिलेली असते. पत्रात हा शब्द वापरण्याआधी करार काढून ते कलम वाचा.

आता एक सवय, जी आपल्याकडच्या पत्रांतून मी सतत काढून टाकत असतो. ‘चुकून हात लागला’ याचं आपण ‘बाय मिस्टेक’ करतो. ‘मिस्टेक’ म्हणजे चूक, आणि चूक कुणाची तरी असते. बाटली धक्क्यानं पडली असेल तर ‘अ‍ॅक्सिडेंटली’. चुकीचा माल पाठवला असेल, तर ती खरोखर ‘मिस्टेक’ आहे. मग ‘वुई मेड अ मिस्टेक’ असं स्वच्छ लिहा. दोष आपला असताना ‘ड्यू टू बॅड लक’ लिहिणारा माणूस ग्राहकाचा विश्वास कायमचा घालवतो. दोष नसताना ‘मिस्टेक’ लिहिणारा विनाकारण जबाबदारी ओढवून घेतो.

विम्याच्या अर्जातले चार शब्द

पूर ओसरला की लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांना हे शब्द लागतात. ‘पेरिल’ म्हणजे ज्या कारणानं नुकसान झालं ते: आग, वादळ, पूर. पॉलिसीत ‘स्टॉर्म, टेम्पेस्ट, फ्लड, इनंडेशन’ अशी ओळ असते. ‘इनंडेशन’ म्हणजे पाणी पसरून जागा बुडणं. ‘डॅमेज’ म्हणजे वस्तूची झालेली नासधूस, ‘लॉस’ म्हणजे तुमचं झालेलं नुकसान. आणि ‘डॅमेजेस’ असं शेवटी ‘एस’ लावून लिहिलंत तर अर्थच बदलतो: तो कोर्टातून मिळणाऱ्या भरपाईचा शब्द आहे. ‘माय शॉप हॅज डॅमेजेस’ हे वाक्य मी अनेक अर्जांत पाहिलं आहे. ‘द स्टॉक वॉज डॅमेज्ड बाय फ्लडवॉटर’ असं लिहा. भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे, तिची उंची लिहा, आणि सर्व्हेअर येण्याआधी फोटो काढून ठेवा. उंचीचा आकडा कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त बोलतो.

पायरी 4: माणसाबद्दल बोलताना जपून

‘अनलकी’ आणि ‘अनफॉर्च्युनेट’ यांत अंतर आहे. नाणेफेक हरलेला कप्तान ‘अनलकी’. पुरात घर गेलेलं कुटुंब ‘अनफॉर्च्युनेट’. त्यांना ‘अनलकी’ म्हटलं तर त्यांचं दुःख आपण खेळात मोजल्यासारखं होतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघताना चेंडू खांबाला आपटून परत आला की आपण ‘अरारारा’ करतो. इंग्लंडमधला प्रेक्षक त्याच क्षणी ‘अनलकी!’ असं ओरडतो. प्रयत्न उत्तम होता, फळ आलं नाही, अशी ती दाद आहे. या शब्दाची खरी जागा मैदान.

‘हॅपलेस’ म्हणजे बिचारा, एकामागून एक काहीतरी वाट्याला येणारा. त्यात थोडी कीव आहे, म्हणून समोरच्याला तोंडावर म्हणू नये. ‘इल-फेटेड’ हा शब्द प्रवासाला, जहाजाला, विमानाला, मोहिमेला लावतात. ‘द इल-फेटेड बस’ बातमीत शोभतं. ‘जिंक्स’ हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेसबॉलमुळं चलनात आलेला शब्द, म्हणजे ज्याच्यामुळं काम बिघडतं अशी समजूत असलेली वस्तू किंवा व्यक्ती.

इथं मला जरा थांबावंसं वाटतं. ‘पांढऱ्या पायाची’, ‘अपशकुनी’, ‘करंटी’ असले शब्द आपल्याकडं बाईवर, विशेषतः विधवेवर, किती सहज फेकले जातात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं भाषांतर करून ‘इल-फेटेड वुमन’ किंवा ‘जिंक्स’ लिहिणारी मुलंही मला भेटतात. नवरा गेला हे तिच्यावर कोसळलेलं दुःख आहे, तो तिचा गुण नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं. गाव प्रथा सोडू शकतं, तर इंग्रजी लिहिताना आपण ते शब्द सोबत न्यायचं काहीच कारण नाही. ‘शी लॉस्ट हर हजबंड लास्ट यीअर’ एवढं वाक्य पुरतं.

आणखी एका शब्दापाशी गफलत होते: ‘कॅज्युअल्टी’. सीपीआर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं, असं आपण रोज म्हणतो, तिथं तो विभागाचा शब्द. बातमीत मात्र ‘टेन कॅज्युअल्टीज’ वाचून दहा माणसं गेली असा अर्थ काढला जातो. त्यात जखमीही येतात. फक्त मृतांसाठी ‘फेटॅलिटीज’ किंवा साधं ‘टेन पीपल डाइड’.

पायरी 5: एकदाचं की रोजचं

साडेसाती हा शब्द इंग्रजीत जसाच्या तसा सापडणार नाही. शनी समजावून सांगत बसू नका. ‘अ रन ऑफ बॅड लक’ म्हणा, किंवा ‘अ रफ पॅच’, किंवा ‘वुई आर गोइंग थ्रू अ बॅड पॅच’. ग्रहताऱ्यांची सावली तशी इंग्रजीवरही आहे: ‘डिझास्टर’ हा इटालियनमधून आला आणि त्याच्या पोटात तारा आहे, वाईट तारा.

बरेच दिवस चालणाऱ्या त्रासाचे शब्द वेगळे. ‘हार्डशिप’ म्हणजे पैशाची, अन्नाची, निवाऱ्याची ओढाताण. शाळेची फी माफ करून मागायच्या अर्जात ‘फायनान्शियल हार्डशिप’ हीच जोडी लिहा. ‘अ‍ॅडव्हर्सिटी’ मोठा आणि भारदस्त, भाषणातला. रोजच्या पत्रात तो फुगलेला वाटतो. ‘ऑर्डील’ म्हणजे कसोटी पाहणारा अनुभव, जो आता संपला आहे: बारा तास छतावर बोटीची वाट बघत बसणं. पूर्वी इंग्लंडमध्ये आरोपीला तापलेलं लोखंड धरायला लावून खरं-खोटं ठरवत, त्या दिव्याचं हे नाव होतं. ‘प्लाइट’ म्हणजे दुरवस्था, आणि तो बहुधा दुसऱ्यांबद्दल वापरतात: ‘द प्लाइट ऑफ द केन कटर्स’. ऊसतोड मजुरांची व्यथा मांडताना हाच शब्द घ्या.

पायरी 6: शब्दाचे सोबती तपासा

‘लक’ मोजता येत नाही. म्हणून ‘व्हॉट अ बॅड लक!’ चुकीचं, ‘व्हॉट बॅड लक!’ बरोबर. एक घटना सांगायची तर ‘अ पीस ऑफ बॅड लक’ किंवा ‘अ स्ट्रोक ऑफ बॅड लक’. ‘माय लक इज बॅड’ हे ‘माझं नशीबच खराब’चं शब्दशः रूप, त्याऐवजी ‘आय हॅव हॅड बॅड लक लेटली’.

‘मिसहॅपनिंग’ हा शब्द आपल्या देशात जोरात चालतो, प्रमाण इंग्रजीत तो नाही. ‘मिसहॅप’ लिहा. ‘मेट विथ अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’ भारतात सगळीकडं चालतं, परदेशी माणसाला ‘हॅड अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट’ जवळचं. ‘एक्स्पायर्ड’ इथल्या हॉस्पिटलात आणि शोकसंदेशात रूढ आहे. परदेशात पत्र जाणार असेल तर टाळा, कारण तिथं तो औषधाच्या आणि दुधाच्या मुदतीचा शब्द. ‘पास्ड अवे’ किंवा ‘डाइड’. डिझास्टर ‘स्ट्राइक्स’, सेटबॅक आपण ‘सफर’ करतो, वादळ ‘रीक्स हॅवक’. यातलं ‘रीक’ हे ‘रेक’ नव्हे. ‘रेक’ म्हणजे मोडून टाकणं.

पायरी 7: एक पत्र दुरुस्त करून पाहू

समजा शिरोलीतल्या एका फौंड्रीनं जर्मनीतल्या ग्राहकाला असं लिहिलं:

‘डिअर सर, ड्यू टू अवर बॅड लक फ्लड केम अँड ऑल अवर मटेरियल बिकेम बॅड. अनफॉर्च्युनेटली वुई कॅनॉट सेंड द ऑर्डर. इट इज अ बिग मिसहॅपनिंग. प्लीज को-ऑपरेट.’

लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे, पण वाचणाऱ्याला एकही गोष्ट कळत नाही. पूर कधी आला, कारखान्यात शिरला की रस्त्यावर, माल गेला की अडकला, आणि ऑर्डर येणार आहे की नाही? ‘फ्लड केम’ हे ‘पूर आला’चं रूप. इंग्रजीत नदी ‘फ्लड’ होते किंवा ‘फ्लडवॉटर’ आत शिरतं. ‘बिकेम बॅड’ ऐकून खराब झालेलं दूध आठवतं. लोखंडाला, लाकडी पॅटर्नला ‘डॅमेज्ड’ किंवा ‘रूइन्ड’. ‘प्लीज को-ऑपरेट’ विनंतीसारखं वाटत नाही, पोलिसी सूचनेसारखं वाटतं. आता हे पाहा:

‘ऑन 24 जुलै, फ्लडवॉटर एंटर्ड अवर फौंड्री. इट स्टुड अबाउट वन मीटर डीप फॉर टू डेज. नो वन वॉज हर्ट. द फर्नेस इज सेफ, बट अवर वुडन पॅटर्न्स अँड मोल्डिंग सँड वेअर रूइन्ड. युवर फर्स्ट बॅच इज रेडी अँड ड्राय, बट द हायवे टू पुणे इज क्लोज्ड. वुई विल डिस्पॅच इट अ‍ॅज सून अ‍ॅज द रोड ओपन्स, अँड वुई एक्स्पेक्ट टू रिस्टार्ट प्रॉडक्शन ऑन 5 ऑगस्ट. वुई आर सॉरी फॉर द डिले अँड ग्रेटफुल फॉर युवर पेशन्स.’

दुर्दैवाचा एकही शब्द त्यात नाही, आणि तरी वाचणारा हळहळतो. पाण्याची उंची मीटरमध्ये दिली, कारण फूट तिकडं कुणाच्या अंगवळणी नाही. ‘नो वन वॉज हर्ट’ तिसऱ्याच वाक्यात आलं, कारण चांगला ग्राहक मालाआधी माणसांची काळजी करतो. तारखा आहेत, म्हणून त्याला पुढचं नियोजन करता येतं. कारण, परिणाम, सध्याची स्थिती आणि नवी तारीख अशी चार घरं भरा. व्यवसायाच्या पत्रात ‘अनफॉर्च्युनेटली’ लागलाच तर एकदा.

पायरी 8: दुःखातल्या माणसाशी बोलताना

‘सॉरी’ म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं वाटतं, म्हणून आपली बरीच मंडळी सांत्वनाच्या वेळी तो शब्द टाळतात. इंग्रजीत ‘सॉरी’ची दोन कामं आहेत: माफी आणि सहानुभूती. ‘आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युवर लॉस’ यात माफी नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या घरी कुणी गेलं तर हे वाक्य आणि त्यापुढं गेलेल्या माणसाबद्दल एखादी खरी आठवण लिहा: ‘युवर फादर ऑल्वेज आस्क्ड मी टू स्टे फॉर टी’. दोन ओळी झाल्या तरी पुरे.

‘हार्ड लक’ आणि ‘बॅड लक’ परीक्षेत थोडक्यात गेलेल्या जागेला, हरलेल्या सामन्याला ठीक. ‘टफ लक’ पासून चार हात लांब राहा. कानाला तो ‘हार्ड लक’चा भाऊ वाटतो, पण त्यात बऱ्याचदा ‘मग मी काय करू’ असा सूर असतो. ‘टू बॅड’चंही तेच. इंग्रजी चांगलं येणाऱ्या माणसालाही सूर सांभाळून हे वापरता येत नाहीत. नवख्यानं न वापरलेलेच बरे.

आजार किंवा अपघात कळला तर ‘आय अ‍ॅम सॉरी टू हिअर दॅट’, आणि लगेच मदतीचं काहीतरी ठोस. ‘इफ यू नीड एनीथिंग’ म्हणण्यापेक्षा ‘आय कॅन टेक युवर शिफ्ट ऑन मंडे’. आपल्याकडं घरात दुःख असलं की शेजारी न विचारता पिठलं-भाकरी घेऊन येतात. इंग्रजी वाक्यातही तेच करायचं.

म्हणी आणि सरावाबद्दल थोडं

म्हणींचं भाषांतर करू नका, जोडी शोधा. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’. आगीतून फुफाट्यात म्हणजे ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर’. जखमेवर मीठ दोन्हीकडं आहे: ‘रब सॉल्ट इन द वूंड’. दृष्ट लागू नये म्हणून ब्रिटिश माणूस ‘टच वुड’ म्हणतो, अमेरिकन ‘नॉक ऑन वुड’. काळं मांजर आडवं गेल्याचा उल्लेख गप्पांत करणार असाल तर एक ध्यानात ठेवा, ब्रिटनमध्ये ते अनेकांना शुभ वाटतं, त्यामुळं तुमचा मुद्दा उलटा पोचेल.

सरावासाठी सकाळच्या मराठी वर्तमानपत्राचं कोल्हापूर पान पुरतं. ‘दुर्दैवी’, ‘दुर्दैवानं’, ‘काळाचा घाला’ असे शब्द पेन्सिलीनं खोडा आणि बातमी परत वाचा. उरलेल्या मजकुरातून पहिल्या पायरीतली चार उत्तरं काढा, मग एका बातमीसाठी इंग्रजीत तीन वाक्यं लिहा: एक ग्राहकाला, एक विमा कंपनीला, एक त्या घरातल्या माणसाला. तिन्ही वाक्यांत एकच शब्द आला असेल तर दोन ठिकाणी तरी तो चुकला आहे. ती दोन ठिकाणं शोधून वाक्यं पुन्हा लिहा.